फाटकावरची पाळी

टार्पींच्या घरात उपाशीपोटी भांडण कधी झालं नाही. शनिवारी दुपारी घरच्या सुनेने, बर्नीने, उकडलेल्या हॅमचे काप केले, सोड्याचा पाव कापला, चहाची दुसरी किटली ठेवली, आणि मगच अँथनीने कौन्सिलचा कागद टेबलाच्या मधोमध मांडून त्यावर साखरेचं भांडं ठेवलं. खिडक्या बंद होत्या, त्यामुळे कागद उडायची भीती नव्हती. पण ज्या कागदापायी त्याची आई आणि त्याची आत्या आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यावर काहीतरी वजन असलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं.

कागदात फार काही नव्हतं. किल्टोरनच्या जुन्या चर्चची दफनभूमी बंद होणार होती. जूनमध्ये कौन्सिलचा एक माणूस येऊन प्रत्येक कबरीत लोखंडी सळई खुपसून गेला होता आणि त्याच्या हिशेबाने सगळ्या कबरी भरल्या होत्या. फक्त टार्पींच्या कबरीत एक जागा शिल्लक होती. त्या जागेसाठी घरच्यांनी एकच नाव लिहून द्यायचं. ते माणूस गेलं की संपलं. बाकी सगळ्यांनी मोठ्या रस्त्यालगतच्या नव्या दफनभूमीत जायचं, जिथे गाड्या लावायला डांबरी जागा होती आणि झाड एकही नव्हतं. उद्या कबरींच्या आशीर्वादाचा रविवार. आशीर्वाद झाला की फादर गेराटी कागद मागणार होते.

"तर मग," अँथनी म्हणाला, "कुणाचं नाव लिहायचं?"

टेबलाच्या एका टोकाला डेलिया बसली होती, वय एकोणऐंशी. दुसऱ्या टोकाला तिची नणंद विनी, वय चौऱ्याऐंशी. मधल्या अंगणापलीकडे जुन्या लोहारशाळेला लागून विनीचं घर होतं आणि अठरा वर्षं ती रोज जेवायला इकडे येत होती. दोघींनी एकदमच चहाचा घोट घेतला.

"मला विचारशील तर सरळ आहे," अँथनीच पुढे म्हणाला. "विनी आत्या या घरात जन्मली. तिच्या बापाची कबर. रक्ताचा हक्क आधी."

"आणि मी काय पाहुणी आले होते?" डेलिया म्हणाली. "पंचावन्न वर्षं झाली. एवढी कुठली पाहुणी राहते?"

"अँथनी, तुझ्या आईला सांग," विनी म्हणाली, "डर्कनांची कबर बॅलिंडनला आहे. तिथे तिचे आईबाप आहेत, तीन भाऊ आहेत. आणखी एक सहज मावेल. डर्कन लोकांना जागा लागते कितीशी!"

डर्कनांच्या उंचीचा विषय विनीने काढला नाही असा सण गेला नव्हता. डेलियाने तिकडे लक्ष दिलं नाही.

"अँथनी, तुझ्या आत्याला सांग, बायको नवऱ्याशेजारी असते. तशी रीत आहे."

"नवऱ्याशेजारी!" विनीने कप बशीत ठेवला. "माइल्सशी नऊ वर्षं अबोला धरला होता हिने. आता त्याच्या शेजारी झोपायचंय."

"आता तो उलट बोलणार नाही."

बर्नीला हसू आलं आणि ते लपवायला ती पाव आणायला उठली.

डेलियाला नवऱ्याशेजारी झोपायची हौस नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिलाही. माइल्स टार्पी हाताचा कसबी आणि तोंडाचा कडू माणूस होता. तो गेला तेव्हा तिने रीतीप्रमाणे काळे कपडे घातले आणि मनातल्या मनात खिडक्या उघडल्या. तिला त्या कबरीत जायचं होतं ते जार्लथसाठी. आणि हे ती कुणालाही सांगू शकत नव्हती.

जार्लथ तिचा धाकटा. अकरा वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, वरच्या शेतात ट्रॅक्टर उलटला आणि तो त्याखाली सापडला. ऑस्टिन आजोबा, सबीना आजी, माइल्स आणि मग तो, अशी चार माणसं झाली. पाचवी जागा उरली. त्याच वर्षी नवी दफनभूमी सुरू झाली, लोक तिकडे जाऊ लागले, आणि जुन्या फाटकातून त्यानंतर एकही शवपेटी आत गेली नाही.

किल्टोरनमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं की जो शेवटी पुरला जातो, तो फाटकावर पहारा करतो. ऊन असो, पाऊस असो, पुढची पेटी येईपर्यंत त्याला तिथून हलता येत नाही. शुद्धिस्थानात, स्वर्गाच्या अलीकडे पापं फेडत थांबलेल्या तहानलेल्या जिवांना पाणी नेऊन देणंही त्याच्याकडेच. एरवी ही पाळी तीन आठवड्यांची, फार तर दोन महिन्यांची. कुणीतरी मरतंच. जार्लथची पाळी अकरा वर्षं चालली होती. ज्या पोराला शाळेच्या बाकावर अर्धा तास बसवत नव्हतं, तो अकरा वर्षं एका जागी उभा होता. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी डेलिया नाताळला भाजलेल्या हंसाची साठवलेली चरबी बाटलीत घेऊन जायची आणि फाटकाच्या बिजागऱ्यांना लावायची. दिवसरात्र तीच करकर त्याच्या कानाशी नको, एवढंच.

हे विनीसमोर बोलायची सोय नव्हती. विनीने चाळीस वर्षं फादरांच्या घरी कारभारीण म्हणून काढली होती. तीन फादर तिच्या हाताखालून गेले, असं गावात म्हणत. भुताखेतांच्या गोष्टी, मंतरलेली अंडी, उंबऱ्यावरचं मीठ, असलं काही कानावर आलं की तिच्या नाकपुड्या फुगायच्या. तिच्या तोंडून जार्लथची टिंगल ऐकण्यापेक्षा डेलियाने जीभ कापून घेतली असती.

"मी एक बोलू का?" अट्रॅक्टा म्हणाली. ती डेलियाची मुलगी, कॉव्हेंट्रीच्या दवाखान्यात सिस्टर होती आणि दर जुलैत दोन आठवडे येऊन घरातले सगळे प्रश्न सोडवून जायची. आल्यापासून ती विनीकडे टक लावून बघत होती, पण बोलली ती वेगळंच. "दोघीही मावाल. तिकडे आता बरेच लोक दहन करून घेतात. आपल्या चर्चचीही ना नाही. डबीएवढी राख होते. एक जण पेटीत, दुसरी..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही.

"जाळायचं?" विनी म्हणाली.

"आम्हाला?" डेलिया म्हणाली.

"मी काय शेकोटीचं लाकूड आहे?"

"न्यायाच्या दिवशी हाक आली तर उठायचं कशाने? डबीने?"

"ऐकतेस ना, डेलिया? इंग्लंडात शिकून आलीये."

"ऐकतेय ना! शिकायला मीच धाडली. कोंबड्या विकून."

आठवडाभरात दोघी पहिल्यांदाच थेट बोलल्या होत्या. लक्षात येताच विनीने पुन्हा अँथनीकडे तोंड वळवलं.

बर्नी पाव घेऊन आली ती बाजू बदलूनच. "मला तर वाटतं, आईंनीच जावं तिकडे," ती गोड आवाजात म्हणाली. "लेकाशेजारी आई. किती छान."

अँथनी तिच्याकडे बघत राहिला. सकाळपर्यंत ती विनीच्या बाजूची होती. "जरा इकडे ये," म्हणत तो तिला मागच्या मोरीकडे घेऊन गेला. घरात सगळे डेलियाला बहिरी समजत आणि तिने तो गैरसमज कधी दूर केला नव्हता, त्यामुळे तिला बरंच ऐकायला मिळायचं.

"तुला काय झालं मधेच?"

"डोकं वापर. आत्या जुन्या कबरीत गेली तर तुझी आई कुठे जाईल?"

"नव्या जागेत. आपण घेतलीय ना."

"ती आपली आहे, अँथनी. तुझी आणि माझी. बावीस वर्षं मी तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात काढली. अंड्याला किती वेळ उकळी द्यायची ते ती मला अजून सांगते. न्यायाच्या दिवसापर्यंत मी तिच्या शेजारी झोपणार नाही, सांगून ठेवते."

अँथनी परत आला आणि खुर्ची मागे सारून बसला. "तसं आईचंही बरोबर आहे म्हणा," तो म्हणाला.

विनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग डोक्याला रुमाल बांधून ती अंगण ओलांडून आपल्या घरी गेली. हॅम तिने तसाच टाकला होता, हे फक्त अट्रॅक्टाच्या लक्षात आलं.

संध्याकाळी फाटकाला रंग द्यायचा होता. आशीर्वादाच्या आदल्या दिवशी फाटक रंगवायचा मान टार्पींचा, कारण फाटक त्यांचं. १९११ साली ऑस्टिन टार्पीने ते आपल्या भट्टीत घडवलं. दोन झडपा, वर कमान, कमानीत क्रूस, आणि सगळीकडे वेलीसारखी वेटोळी. कुठे वितळवून जोडलेलं नाही. लोखंड तापवून, कड्या ठोकून बसवलेलं. डाव्या झडपेतलं एकच वेटोळं उलटं वळलेलं आहे. विनीचं म्हणणं, ते तिच्यामुळे. ती भाता मारत होती, तिने बापाला काहीतरी विचारलं, आणि उत्तर देता देता त्याचा हात चुकला. तेव्हा ती चार वर्षांची होती, भात्याचा दांडा तिच्या डोक्याच्या वर होता, असं इतरांचं म्हणणं. पण विनीसमोर ते कुणी काढत नसे.

याच फाटकापायी ऑस्टिनच्या मातीला घराण्याची शोभा झाली होती. त्या दिवशी, १९३४ च्या फेब्रुवारीत, मुलकीनांचीही मयत निघाली आणि दोन्ही मयती एकाच वेळी टेकडी चढू लागल्या. मागून जाणाऱ्याला पहारा, म्हणून दोन्हीकडचे लोक आधी भरभर आणि मग सरळ पळत सुटले. मुलकीन शहाणे. त्यांनी पेटी खालच्या दगडी गडग्यावरून उचलून आत टाकली. टार्पीही गडग्यापासून वीस पावलांवर होते. पण त्यांच्यात कुणीतरी ओरडलं, की बाबांनी केलेल्या फाटकातूनच बाबा आत जातील. डाव्या झडपेची खिट्टी गंजली होती. ती निघेपर्यंत मुलकीनांची म्हातारी आत पोचून निवांत झाली होती, आणि ऑस्टिन टार्पी सात आठवडे आपल्याच फाटकावर उभा राहिला. ओरडला तो माइल्स, असं सगळे सांगत. डेलिया लग्न होऊन आली ती दोन वर्षांनी, पण माइल्सचा स्वभाव पाहता तिला ते पटलं होतं.

अट्रॅक्टा कमानीखाली खुर्चीवर उभी राहून रंग देत होती आणि डेलिया बिजागरीला चरबी चोळत होती.

"आई," अट्रॅक्टा म्हणाली, "आत्याला जाऊ दे तिथे."

डेलियाचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"तिचं नाव लिही. भांडू नकोस."

"दुपारपर्यंत तू माझ्या बाजूची होतीस."

"आहेच. तरी सांगते."

"कारण?"

अट्रॅक्टाने ब्रश डब्यात बुडवला. "सगळी कारणं सांगायची नसतात. माझं काम तसलं आहे. तिच्याकडे नीट बघ जरा."

"चौऱ्याऐंशी वर्षं ती सगळ्यांना बघायलाच लावतेय," डेलिया म्हणाली. तिला फार लागलं होतं. अँथनी तिच्या बाजूला आला तो बायकोच्या भीतीने, आणि जी एकटी तिची होती तीही गेली. बाटलीचं झाकण लावून तिने फाटकाच्या आतल्या बाजूला, जिथे नेहमी बघायची तिथे, एकदा पाहिलं. गवत दबलेलं नव्हतं. ते कधीच नसायचं.

रविवारी तीन वाजता सगळा गाव जमला. घडीच्या खुर्च्या आल्या, बरण्यांतून लिलीची फुलं आली, इंग्लंड-अमेरिकेहून आलेली नातवंडं नवे बूट घालून आली. फादर गेराटींनी कर्ण्यावरून जपमाळेची दहा-दहा प्रार्थनांची पाच आवर्तनं म्हटली आणि मग बादली आणि कुंचला घेऊन ते कबरीकबरींतून पवित्र पाणी शिंपडत फिरले. ते तरुण होते आणि हात सढळ होता. टार्पींच्या कबरीपाशी डेलियाचा चष्मा भिजला.

ती चष्मा पुसत असताना विनी समोर उभी होती. अट्रॅक्टाचं बोलणं आठवून डेलियाने पाहिलं. विनीचा कोट तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट होता. रोज एका टेबलावर जेवणाऱ्या बाईकडे आपण शेवटचं कधी पाहिलं, हे डेलियाला आठवेना.

लोक पांगू लागले. फादर फाटकापाशी आले. "मग, टार्पी मंडळी? नाव ठरलं?"

अँथनीने खिशातून कागद काढला. बर्नीने पर्समधून पेन काढलं. डेलियाने दोन्ही त्यांच्या हातांतून घेतलं.

"फादर, पाच मिनिटं द्या. मला हिच्याशी बोलायचंय."

"पंचावन्न वर्षांत जमलं नाही ते पाच मिनिटांत?" विनी म्हणाली. पण ती थांबली.

बाकीचे गाड्यांकडे गेले. दोघी फाटकाच्या आत उभ्या राहिल्या. नवा रंग अजून हाताला चिकटत होता.

"हसायचं असेल तर माझं झाल्यावर हस," ती म्हणाली. "मधे हसलीस तर मला पुढे बोलता येणार नाही. मला माइल्सजवळ जायचं नाही. तो आहे तिथे सुखात राहो. जार्लथ इथे उभा आहे, विनी. अकरा वर्षं. त्याच्यानंतर कुणी आलंच नाही. आता एकच जायचंय, आणि ते मी असायला हवं. मी गेले की तो सुटेल. पुढे मी उभी राहीन कायमची, मला चालेल. मी त्याची आई आहे." तिला रडू आलं आणि तिने ते पुसलं नाही. "हं. आता हस."

विनी हसली नाही. तिने उलट्या वेटोळ्यावर हात ठेवला आणि काळ्या रंगाची बोटं कोटाला पुसली.

"बाबांच्या वेळी ओरडलं कोण, ठाऊक आहे?" ती म्हणाली.

"माइल्स."

"माइल्स म्हणत होता, गडग्यावरून टाका. मी ओरडले. फाटकातूनच न्या म्हणून. बापाची लाज काढू नका म्हणून. सत्तावीस वर्षांची होते, तोंड मोठं होतं. सगळ्यांनी माझं ऐकलं. आणि मग सात आठवडे पाऊस. फादरांच्या घरी मी नवीनच लागले होते. तिथल्या वरच्या खिडकीतून हे फाटक दिसतं. रोज रात्री दिवा मालवला की मी खिडकीशी उभी राहायची आणि बाबांची माफी मागायची. माइल्सने आळ स्वतःवर घेतला, मरेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तेवढा एक चांगला होता तो."

"तू?" डेलिया म्हणाली. "तू हे मानतेस?"

"फादरांच्या कारभारणीने हे मोठ्याने बोलायचं का?" विनी चिडून म्हणाली. "तुला काय वाटलं, मी जागेसाठी भांडतेय? मला शेवटची जागा हवी होती. कौन्सिलने शेवटची म्हटलं आणि मला वाटलं, हे माझंच. बापाला मी उभं केलं, आता मी उभी राहते. पोराचं माझ्याही मनात होतं. काय करणार, मोटरसायकलवरून आला की आधी माझ्याकडे यायचा, जॅमची बरणी संपवायचा आणि मग घरी तुझ्याकडे येऊन भूक लागली म्हणायचा."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुला बरंच माहीत नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

पलीकडे अँथनीने गाडीचा हॉर्न वाजवला आणि कुणीतरी, बहुधा अट्रॅक्टाने, त्याला गप्प केलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" डेलियाने विचारलं.

विनीने झटकन तिच्याकडे पाहिलं. "पोरीने सांगितलं?"

"पोरीने काही सांगितलं नाही. मी आज तुझ्याकडे पाहिलं."

"बरंच लवकर पाहिलंस. पोटात, मागच्या बाजूला काहीतरी आहे. डॉक्टर सरळ नाही बोलला. पाय वर करून बसत जा म्हणाला, आवडेल ते खा म्हणाला. चाळीस वर्षं मी फादरांच्या दारात वाईट बातम्या घेऊन येणारे लोक पाहिलेत, डेलिया. नाताळ दिसणार नाही मला."

डेलियाने मनाशी हिशेब केला. तिची आई शहाण्णव वर्षं जगली. आजी तर मेली त्या दिवशीही विहिरीवरून पाणी घेऊन आली होती. डेलियाला स्वतःला गुडघे सोडले तर काही म्हणजे काही नव्हतं. डर्कन बुटके होते खरे, पण चिवट होते. कागदावर आपलं नाव लिहिलं तर जार्लथला आणखी सतरा वर्षं उभं राहावं लागेल. नाहीतर नाताळपर्यंत. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी पेनाचं टोपण काढायला तिने वेळ लावला. त्याच्यापासून हातभर अंतरावर पडून राहायचं, या एका कल्पनेवर तिने अकरा वर्षं काढली होती.

तिने कागद फाटकाच्या दगडी खांबावर धरला आणि लिहिलं, विनिफ्रेड टार्पी.

विनीने डोळे बारीक करून वाचलं. "आणि तू?"

"मी डांबरावर. बर्नीशेजारी."

"बिचारी बर्नी," विनी म्हणाली.

डेलियाला रडता रडता हसू आलं. मग ते ओसरलं. "विनी, पण तुझ्यानंतर कुणी नाही. तुला सोडवायला कुणी येणार नाही. कधीच. कळतंय ना तुला?"

"चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेय मी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं, कोणाला नुसताच चहा द्यायचा, ते मला येतं. तुझ्या पोराला ते जमलं नसेल, त्याने तहानलेल्यांना पाण्याऐवजी गप्पाच दिल्या असतील. आणि हे दार तर आमच्या घरचं आहे."

फादर गेराटी परत आले. त्यांनी कागद वाचला, दोघींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तरुण असले तरी मूर्ख नव्हते. कागदाची घडी करून त्यांनी तो जपमाळेच्या पुस्तकात ठेवला आणि ते गेले.

दोघी निघाल्या. विनी पुढे झाली आणि डाव्या झडपेची खिट्टी वर-खाली करून पाहू लागली, नवं घर बघायला आलेल्या माणसासारखी. डेलिया मागे राहिली. आत, गवताकडे बघून ती हळूच म्हणाली, "नाताळपर्यंत, बाळा. एवढंच."

"नाताळ कशाला?" विनी खिट्टीवरची नजर न काढता म्हणाली. "थंडी पडायच्या आत बघते मी. आणि हे बघ, मला तो तपकिरी झगा घालून पुरू नका. सगळ्यांना घालतात म्हणून मला नको. कागदासारखा पातळ असतो तो. इथे पश्चिमेचा वारा सरळ अंगावर येतो. मला माझा लोकरीचा कोट घाला."

"त्याचं गळ्याचं बटण तुटलंय."

"मग लावून दे."

"उद्या सकाळीच लावते," डेलिया म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने आपल्या नणंदेच्या हाताला धरून तिला उतार उतरवला.